"साहेबांना सांगतो": इंटरनेटच्या चर्चेत मोठ्या कंपन्यांकडून नक्की कोण येतं?

आमच्या सोसायटीला अजून कन्व्हेयन्स मिळालेलं नाही. म्हणजे फ्लॅट आमचे, मेंटेनन्स आम्ही भरतो, पण जमीन कागदावर अजून बिल्डरचीच आणि पाण्याच्या पंपरूमची चावीपण त्याच्याच माणसाकडे. दरवर्षी एजीएम होते, दीड तास भांडण होतं, आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बिल्डरचा सुपरवायझर बसलेला असतो. चहा घेतो, सगळ्यांचं ऐकून घेतो, मान हलवतो आणि शेवटी एकच वाक्य बोलतो, "साहेबांना सांगतो." साहेब आजवर एकदाही आलेले नाहीत.

इंटरनेट गव्हर्नन्स नावाचा जो काही प्रकार आहे तो मला खरा कळला तो या सुपरवायझरमुळे, खोटं कशाला बोलू. गेली वीसेक वर्षं जगभर सगळे म्हणतायत की इंटरनेटचे नियम ठरवायचे तर मोठ्या कंपन्यांना चर्चेत घ्या, त्यांच्याशिवाय काही होणार नाही. आणि कंपन्या येतात बरं का, येत नाहीत असं नाही. खुर्चीत बसतात, मान हलवतात. फक्त पंपाची चावी आलेल्या माणसाच्या खिशात नसते.

आधी थोडं मागे जाऊ, नाहीतर नुसतंच गॉसिप होईल.

गव्हर्नन्स म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं, पण इंटरनेटला एक सरकार नाही, एक मालक नाही. वेबसाइटची नावं कोणी वाटायची, एका देशातला कॉम्प्युटर दुसऱ्या देशातल्याशी कुठल्या भाषेत बोलणार, समुद्राखालची केबल कोणी टाकायची, कुठली पोस्ट काढायची, डेटा किती दिवस ठेवायचा, हे सगळं वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसून ठरवतात. २००५ मध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली, तिथे मान्य झालेल्या व्याख्येत असं आहे की सरकारं, खाजगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेतून मिळून तयार केलेली तत्त्वं, नियम आणि निर्णय घ्यायच्या पद्धती म्हणजे इंटरनेट गव्हर्नन्स. याला मल्टीस्टेकहोल्डर मॉडेल म्हणतात. मराठीत बहुहितधारक वगैरे म्हणतात पण तो शब्द मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आपण 'सगळ्यांनी मिळून' म्हणू.

त्याच परिषदेतून इंटरनेट गव्हर्नन्स फोरम म्हणजे आयजीएफ जन्माला आला. पहिली बैठक २००६ ला अथेन्समध्ये, मग दरवर्षी वेगळ्या देशात. तिसरी आपल्याकडे, हैदराबादला, ३ ते ६ डिसेंबर २००८, म्हणजे मुंबईचा २६/११ चा हल्ला २९ तारखेला संपला आणि चारच दिवसांनी ही बैठक. पुढे आयकॅनची, म्हणजे डोमेनची नावं सांभाळणाऱ्या संस्थेची बैठकही हैदराबादलाच झाली, ३ ते ९ नोव्हेंबर २०१६, आणि ८ तारखेला रात्री आठ वाजता काय जाहीर झालं ते तुम्हाला माहीतच आहे. जगभरातून आलेली मंडळी आणि हातात पाचशेच्या नोटा. हैदराबादचं या बाबतीत नशीबच वेगळं.

तर आयजीएफ. तिथे कोणीही जाऊ शकतं, कोणीही बोलू शकतं, सरकारच्या सचिवाच्या शेजारी एखादी कॉलेजची मुलगी बसून प्रश्न विचारू शकते, हे खरंच छान आहे, थट्टा करत नाहीये. पण तिथे निर्णय होत नाही. मुळात ठेवलंच तसं, कारण निर्णयाचे अधिकार दिले असते तर निम्म्या देशांनी आणि सगळ्या कंपन्यांनी पहिल्या दिवशीच पाठ फिरवली असती. मग कंपनीच्या बाजूने विचार करा. जिथे काही ठरणारच नाही तिथे साहेब कशाला येतील? साहेब पाठवतात पब्लिक पॉलिसीवाल्याला, म्हणजे सरकारांशी आणि संस्थांशी बोलायला ठेवलेल्या माणसाला. हा माणूस बहुतेक वेळा हुशार असतो, चांगला बोलतो, आधी सरकारात किंवा एखाद्या एनजीओत काम केलेलं असतं, त्याला तुमचा मुद्दा मनापासून पटतोसुद्धा. पण ॲपमधलं एक बटण हलवायचा अधिकार त्याला नसतो. ते बटण प्रॉडक्टवाल्यांकडे, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांकडे, आणि प्रॉडक्टवाले आयजीएफला सहसा फिरकत नाहीत.

बरं, काही माणसांची तर टोपी कुठली हेच कळत नाही. विंट सर्फ म्हणजे इंटरनेटची मूळ भाषा, टीसीपी/आयपी, बनवणाऱ्या दोघांपैकी एक, त्यांच्याबद्दल कोणाला आदर नसेल? ते २००५ मध्ये गूगलमध्ये गेले आणि २०२२ मध्ये आयजीएफचं लीडरशिप पॅनेल बनलं त्याचे अध्यक्षही तेच झाले. यात काही लपवाछपवी नाही, सगळं उघड आहे, पण समोर बसलेल्याने आत्ता कोण बोलतंय समजायचं, इंटरनेटचे आजोबा की गूगलचे कर्मचारी?

आता दुसरी बाजू बघा. आयजीएफमध्ये सुपरवायझर पाठवणाऱ्या याच कंपन्या दुसऱ्या काही टेबलांवर मात्र न बोलावता, वेळेच्या आधी, पूर्ण तयारीने हजर असतात. ती टेबलं म्हणजे स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे तांत्रिक नियम, ठरवणारी मंडळं. वरून बघायला अतिशय कंटाळवाणी, आणि खरी सत्ता तिथे.

युनिकोडचंच घ्या. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर देणारी ही संस्था, कॅलिफोर्नियात १९९१ ला नोंदलेली. कोणीही प्रस्ताव पाठवू शकतं, पण मत देणारे पूर्ण सभासद बहुतेक मोठ्या कंपन्या, ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा वगैरे, आणि त्या सभासदत्वाची वर्षाची फी आपल्या रुपयांत लाखांत जाते. आता वरच्या वाक्यात मी 'ॲपल' लिहिलं ना, त्यातलं पहिलं अक्षर ॲ, याला स्वतःचा नंबर मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी आपण अ टाइप करून त्यावर अर्धचंद्र चढवायचो आणि काही फोनवर तो अर्धचंद्र एका ठिपक्याठिपक्याच्या गोलावर बसून शेजारी पडायचा. अजूनही जुन्या पद्धतीने लिहिलेलं 'अॅप' आणि नवीन 'ॲप' दिसायला सारखं असलं तरी कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने लिहून फाइलमध्ये शोधा, दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडेलच असं नाही. आठदहा कोटी लोकांची भाषा आणि तिच्या एका अक्षराचा निर्णय कुठे होतो बघा.

अजून एक गंमत, हिला गंमत म्हणावं का माहीत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असं ठरवून दिलं. शाळेत आपण तसाच गिरवलाय. पण तुमच्या फोनवर आत्ता ल कसा दिसतोय बघा, बऱ्याच जणांना हिंदी वळणाचा दिसत असेल, कारण फॉन्टमध्ये ते वळण डिफॉल्ट ठेवलेलं असतं आणि मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच मराठी वळण येतं, आणि ते कोणी सांगतच नाही. म्हणजे मंत्रालयातला जीआर एकीकडे आणि फॉन्ट बनवणाऱ्या टीमचं डिफॉल्ट दुसरीकडे, आणि जिंकतं डिफॉल्ट. कोणी मराठीचा द्वेष करत नाही हो, कोणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. त्या खोलीत जीआर वाचलेला माणूस नव्हता एवढंच.

वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीमध्येही असंच. २०१७ मध्ये ब्राउझरमध्ये कॉपी-प्रोटेक्शनवाला व्हिडिओ चालवायची सोय स्टँडर्डमध्ये घालायची की नाही यावर रण पेटलं. प्रस्ताव लिहिणारे गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्सचे लोक. मतदान झालं, साधारण ५८ टक्के बाजूने, ३१ टक्के विरोधात, स्टँडर्ड झालं. डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था त्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडली. इथे कंपन्यांना चर्चेत कसं आणायचं हा प्रश्न कोणाला पडला नाही, इथे प्रश्न उलटा होता.

आणि नावांचा बाजार. २०१२ मध्ये आयकॅनने डॉट कॉमसारखी नवीन शेपटं विकायला काढली, अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर, त्या वेळच्या भावाने कोटीच्या आसपास. १९३० अर्ज आले. गूगलचे शंभरच्या वर, ॲमेझॉनचे ७६. त्यातलं एक नाव डॉट ॲमेझॉन. ब्राझील आणि पेरू म्हणाले, थांबा, ॲमेझॉन ही आमची नदी आहे, जंगल आहे, लाखो लोकांचं घर आहे. कंपनी म्हणाली आमचा ट्रेडमार्क आहे. २०१४ ला आयकॅनने अर्ज फेटाळला, कंपनी लवादाकडे गेली, २०१७ ला लवादाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, मग वाटाघाटी, त्यात कंपनीने ५० लाख डॉलरची किंडल आणि होस्टिंग देऊ केल्याचं तेव्हा छापून आलं होतं, शेवटी २०१९ ला आयकॅनने कंपनीला हिरवा कंदील दाखवला. उलट पॅटागोनिया नावाची कपड्यांची कंपनी, तिनेही असंच नाव मागितलं होतं, अर्जेंटिना चिडल्यावर तिने २०१३ मध्येच अर्ज मागे घेतला. म्हणजे 'कंपन्या' असा एक प्राणी नसतो हेही लक्षात ठेवा.

आपलाही सहभाग होता त्यात. क्रायस्लर या गाडीवाल्या कंपनीने डॉट राम मागितलं होतं, त्यांच्या राम नावाच्या ट्रकसाठी, म्हणजे इंग्रजीतला मेंढा. आणि डॉट इंडियन्स मागितलं होतं रिलायन्सने. भारत सरकारने दोन्हींना हरकत घेतली आणि २०१३ च्या डर्बनच्या बैठकीत सरकारांच्या समितीने ती हरकत नोंदवून घेतली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की हरकत घ्यायला एक ठरलेली जागा होती, ठरलेली मुदत होती, आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागत होतं, कारण त्याला नाव हवं होतं. गरजू माणूस मीटिंगला वेळेवर येतो.

आता आपल्याकडची सगळ्यात गाजलेली केस, आणि यात मी थोडा रेंगाळणार आहे.

२८ डिसेंबर २०१५ ला टाइम्स ऑफ इंडियात मार्क झुकरबर्गचा लेख आला. त्यात गणेश होता. महाराष्ट्रातला शेतकरी. फेसबुकच्या फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकात आणि गुराढोरांत पैसे घालतोय वगैरे. फ्री बेसिक्स म्हणजे काय तर रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर काही ठरावीक वेबसाइट फुकट, डेटा न जाळता, आणि त्यात काय असणार याचे नियम फेसबुक ठरवणार. बाकीचं इंटरनेट बघायचं तर पैसे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: गणेशला बाजारभाव बघायचेत तर कुठल्या साइटवर बघायचे ते गणेश ठरवेल, आणि उद्या एखाद्या सांगलीच्या पोराने चांगलं ॲप बनवलं तर ते फुकटच्या पेटीत नाही म्हणून मरायचं का?

ट्राय, म्हणजे टेलिकॉमचा नियामक, त्यांनी ९ डिसेंबर २०१५ ला कन्सल्टेशन पेपर काढला होता. त्यात चार प्रश्न. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? द्यायचे तर भेदभाव होऊ नये म्हणून काय करायचं? लोकांना फुकट इंटरनेट द्यायचे दुसरे मार्ग आहेत का? आणि अजून काही मुद्दे असतील तर सांगा. झालं, एवढंच. याच्यावर लेखी उत्तर द्या.

फेसबुकने काय केलं, तर आपल्याच प्लॅटफॉर्मवर मोहीम काढली. तुम्ही लॉगिन केलं की समोर पाटी, फ्री बेसिक्स वाचवा, बटण दाबा, तुमच्या नावाने तयार ईमेल ट्रायला जाणार. अमक्या मित्राने पाठवलं, तुम्ही कधी पाठवताय. माझ्या एका काकांनी दाबलं होतं, त्यांना वाटलं आपलं फेसबुक बंद पडतंय. पेपरात पानभर जाहिराती, रस्त्यावर होर्डिंग. ट्रायकडे एकूण जवळपास २४ लाख प्रतिक्रिया आल्या आणि त्यातला मोठा ढीग हाच. पण त्या तयार ईमेलमध्ये चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं! म्हणजे पेपरात चार प्रश्न आणि लाखो मुलांनी उत्तरपत्रिकेत 'मला शाळा आवडते' लिहून दिलं. ट्रायने फेसबुकला कळवलं की या लोकांना आमचे प्रश्न तरी दाखवा आणि त्यांची उत्तरं मागवा, मग त्यावरून पत्रापत्री, ईमेल पोचला की नाही पोचला यावर वाद. शेवटी ट्रायने चांगलं कडक पत्र लिहिलं, त्याचा सूर असा की सल्लामसलतीची तुम्ही डोकी मोजायची स्पर्धा करून टाकलीत.

८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल: वेबसाइट बघून वेगळा दर लावायचा नाही. टेलिकॉम कंपनीने मोडलं तर तिला दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. तीनच दिवसांनी फेसबुकने भारतात फ्री बेसिक्स गुंडाळलं. मधल्या काळात त्यांच्या बोर्डावरच्या मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादाला विरोध केल्याने भारताचं नुकसान झालं अशा अर्थाचं ट्वीट टाकून जी काही आग लावली ती वेगळीच, नंतर माफी मागितली.

आता दंडाचा आकडा बघा परत. ५० लाख. या धंद्यातल्या कंपन्यांच्या दृष्टीने चहापाणी. तरी गुंडाळलं. म्हणजे पैशाची भीती नव्हती. मला वाटतं काम झालं ते यामुळे की ट्रायने प्रश्न लेखी विचारले, सगळ्यांना तेच विचारले, आलेली उत्तरं वेबसाइटवर टाकली, तारीख ठरवली आणि तारखेला नियम काढला. गोड बोलून वेळ मारून न्यायला जागाच नव्हती. आणि गणेश? गणेशच्या नावाने सगळे बोलले, फेसबुकही, विरोधकही, पण गणेशला त्या पेपरवर उत्तर पाठवायचं तर तो पेपर इंग्रजीत होता.

हे शेवटचं वाक्य मला आजही टोचतं, कारण 'कंपन्यांना चर्चेत आणा' म्हणताना आपण विसरतो की दुसऱ्या बाजूच्या खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असतात. कंपनीकडे या कामासाठी पगारी माणसं, तिकिटं, हॉटेल. तिकडे बारामतीच्या केबलवाल्याकडे, जो तीनशे घरांना नेट पुरवतो, त्याच्याकडे कोण आहे? तो पावसाळ्यात तुटलेली फायबर जोडत खांबावर चढलेला असतो.

एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते, तिच्यात गंमत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आलीये असे मेसेज आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक जण सोलापूरकडच्या मंगळवेढ्याचे, भिक्षा मागत फिरणारी, जमावाने त्यांना मारून टाकलं. देशात त्या वर्षी अशा घटना अजूनही झाल्या. केंद्राने दोन दिवसांत व्हॉट्सॲपला पत्र पाठवलं, मग दुसरं पत्र. २० जुलैला कंपनीने सांगितलं की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होईल, आणि फोटो-व्हिडिओच्या बाजूचं ते पटकन फॉरवर्ड करायचं बटण काढून टाकलं. ऑगस्टमध्ये त्यांचे सीईओ दिल्लीत येऊन मंत्र्यांना भेटले. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली.

म्हणजे बटण हलवता येत होतं. आठवड्यांत हलवलं. अफवा पसरतात ही गोष्ट काय जुलैमध्ये पहिल्यांदा कळली होती का? त्याआधीच्या चर्चासत्रांत, पॅनेलवर, हेच लोक सांगत होते की हा माणसांच्या सवयीचा प्रश्न आहे, डिजिटल साक्षरता वाढवायला हवी. तेही खरंच आहे, पण त्याच्या जोडीला एक बटणही होतं, आणि ते पाच माणसं गेल्यावर काढलं गेलं.

याच्या उलट टोकालाही जाऊन बघूया, नाहीतर मी सरकारचा वकील वाटेन. सरकारच्या हातात काठी आली की ती काठी फक्त राईनपाड्यासाठी वापरली जाते असं नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी ५० लाखांच्या वर युजर असलेल्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारे तीन अधिकारी नेमायला लावले: कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते, बघणारा, पोलिसांशी बोलणारा आणि तक्रारी ऐकणारा. वाचताना बरं वाटतं, चला, निदान माणूस तरी मिळाला. पण नियम मोडला तर कम्प्लायन्सवाल्यावर व्यक्तिशः खटला होऊ शकतो, म्हणजे एका अर्थी तो ओलीस, आणि ओलीस माणूस तुमची पोस्ट टिकवायला भांडेल की मुकाट्याने काढून टाकेल? त्याच नियमात मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्या अशी अट आहे, त्याविरुद्ध व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेलं, म्हणणं असं की त्यासाठी सगळ्यांचंच एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजवरचं कुलूप, मोडावं लागेल. इथे मी कंपनीच्या बाजूने आहे, आणि फ्री बेसिक्सला विरोधात होतो, आणि यात मला काही विसंगती वाटत नाही. सरकार आणि कंपनी दोघंच बंद खोलीत बोलले तर तिसऱ्या खुर्चीवरच्याचं नुकसान ठरलेलं.

जगात लोकांनी बाकीचेही प्रकार करून पाहिलेत. डेन्मार्कने २०१७ मध्ये चक्क राजदूत नेमला, देशाकडे नाही, टेक कंपन्यांकडे, ऑफिस सिलिकॉन व्हॅलीत. कल्पना भारी होती, की या कंपन्या देशांएवढ्या ताकदवान आहेत तर त्यांच्याशी देशासारखंच वागू. पहिले राजदूत कॅस्पर क्लिंगे. २०२० मध्ये ते राजदूतपद सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. यावर मी काही बोलत नाही.

लंडनमध्ये २७ नोव्हेंबर २०१८ ला ९ देशांचे खासदार एकत्र बसले, झुकरबर्गला बोलावणं होतं. तो आला नाही. त्यांनी त्याच्या नावाची पाटी ठेवून खुर्ची रिकामी ठेवली, फोटो जगभर छापून आला. कंपनीकडून आले रिचर्ड अॅलन, पॉलिसीचे उपाध्यक्ष, जे स्वतःच ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य. सुपरवायझर म्हणून थेट लॉर्ड पाठवला, याला म्हणतात बजेट. (हो, वरती अॅलनमधला अॅ मी मुद्दाम जुन्या पद्धतीने लिहिलाय, तुमच्याकडे कसा दिसतो सांगा.)

आणि काही ठिकाणी सगळे एकत्र येऊन नियम ठरवतात, कोणाचाही विरोध नसतो, तरी गाडी अडते. देवनागरी ईमेल पत्त्याचं तसं झालं. तांत्रिक स्टँडर्ड २०१२ ला तयार झालं. डॉट भारत हे देवनागरी शेपूट ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मराठी आणि कोकणीसकट आठ भाषांसाठी. त्याच महिन्यात जीमेलने असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली. म्हणजे मोठे लोक आले, कबूल. मी उत्साहाने देवनागरीत पत्ता काढला आणि एका बिल भरायच्या साइटवर टाकला. लाल अक्षरात उत्तर: कृपया वैध ईमेल टाका. हेल्पलाइनला फोन केला, पलीकडची मुलगी बिचारी म्हणाली, "सर, इंग्लिशमध्ये टाका ना, सगळे तसंच टाकतात." तिचं काय चुकलं? त्या फॉर्ममध्ये पत्ता तपासायची जी एक ओळ कोणीतरी दहा वर्षांपूर्वी कुठूनतरी कॉपी करून टाकली तिच्यात ए ते झेडच्या पलीकडे जग नाही. अशा ओळी लाखो साइट्समध्ये आहेत. गूगल-मायक्रोसॉफ्टला टेबलावर आणून हे सुटत नाही, त्यासाठी मधल्या फळीतल्या कंपन्या लागतात, बँका, वीज, विमा, त्यांना फॉर्म बनवून देणारे ठेकेदार, आणि त्यांना आयजीएफ हे कशाचं नाव आहे ते माहीतही नसतं. तिथे मला वाटतं सरकारी टेंडरमधली एक ओळ, 'देवनागरी ईमेल चालला पाहिजे, नाहीतर बिल पास होणार नाही', ही दहा परिषदांपेक्षा जास्त काम करेल.

तर कंपन्यांशी बोलायचं कसं याचं माझं उत्तर साधं आहे, थोडं सोसायटी-छाप आहे. आधी हे बघा की हे टेबल ठरवायचं आहे की नुसतं बोलायचं. बोलायचं असेल तर बोला, उपयोग असतो, ओळखी होतात, पण सुपरवायझरकडून पंप सुरू व्हायची अपेक्षा ठेवू नका. ठरवायचं असेल तर चावी असलेला माणूस मागा, म्हणजे प्रॉडक्टवाला, इंजिनिअर, आणि त्याला 'सुरक्षेबद्दल तुमचं काय मत' असलं काही विचारू नका, हे बटण इथे का आहे ते विचारा. उत्तर लेखी घ्या, आणि सगळ्यांना वाचता येईल असं ठेवा, जमलं तर लोकांच्या भाषेत. आणि कंपन्या आधीच जिथे बसल्यात, युनिकोड, डब्ल्यूथ्रीसी, आयकॅन, तिथे आपलं कोणीतरी जाऊन बसलं पाहिजे, मराठीचा ल कसा असतो हे माहीत असलेलं कोणीतरी, आणि त्याच्या तिकिटाचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत. विद्यापीठ देईल, सरकार देईल, भाषेवर प्रेम असलेला एखादा पुण्याचा आयटीवाला देईल, मला माहीत नाही. गणपतीच्या वर्गणीपेक्षा फार जास्त लागणार नाहीत बहुतेक.

यंदाच्या एजीएमला आमच्या सेक्रेटरी काकूंनी एक केलं. सुपरवायझरने "साहेबांना सांगतो" म्हटल्यावर त्यांनी मिनिट्सचं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "काय सांगणार आहेस ते इथे लिही, कधी सांगणार ती तारीख टाक आणि सही कर." त्याने पेन हातात घेतलं, थोडा वेळ कागदाकडे बघत बसला, मग उठून जिन्यात जाऊन फोन लावला. दहा मिनिटांनी परत आला, रजिस्टर बंद करून काकूंपुढे ठेवलं आणि म्हणाला, "सही राहू द्या मॅडम, साहेबांचा नंबर लिहून घ्या."